हौदाची ऊन भिंत

मळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांची गाडी आली की माझी कंबर दुखायला लागते. कारण काही नसतं. मी काही उचललेलं नसतं, कुठे वाकलेली नसते. हल्ली मला वाकायला कुणी सांगतही नाही, आणि सांगितलं तरी मधे पोट येतं. हे या वयातलं पोट, त्याची ओटी कुणी भरत नाही. तर गाडी येते, खोक्यांचे बांधलेले गठ्ठे पडवीत धपाधप पडतात, कोऱ्या पुठ्ठ्याचा तो कोरडा, किंचित गोडसर वास घरभर होतो, आणि माकडहाडाच्या जरा वर कुणीतरी बोटानं दाबून 'आहेस का गं?' असं विचारतं. आमचे हे म्हणतात, हवापालट. आमचे हे आयुष्यभर ओझरच्या विमानांच्या कारखान्यात होते, त्यामुळे ते प्रत्येक गोष्टीचा संबंध हवेशी लावतात.

मला माहीत आहे, ही हवा नव्हे. ही द्राक्षं आहेत. माघ संपत येतो, पहाटेची थंडी अंगणात रेंगाळते आणि उन्हं चढली की पळून जाते, बागेत मण्यांमध्ये साखर भरते, पाखरांना हाकलणाऱ्यांचे आवाज सकाळपासून सुरू होतात. या दिवसांत माझ्या कंबरेला एक जुना हंगाम आठवतो. मी विसरले तरी ती विसरत नाही. शरीराचा हा भाग फार खुनशी असतो.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, लग्नाच्या आदल्या दिवशीची मेंदी असो, बायका गोल बसल्या की कुणीतरी म्हणतंच, ताई, ती हौदाची सांगा ना. मग मी उठते, पदर खोचते, पोट पुढे काढते, दोन्ही हात मागे लावते आणि गरोदरपणातली माझी चाल चालून दाखवते. बदक, हत्ती आणि भरलेला टँकर यांचं मिश्रण. बायका हसून हसून आडव्या होतात. हसणाऱ्यांत माझ्या सासूबाईही असायच्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या पदराचा बोळा तोंडाशी धरून हसायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. इतकी वर्षं मी ते पाणी हसण्याचंच समजत होते.

विनोद करून सांगितलं की लोक ऐकतात. रडून सांगितलं की उठून चहा टाकायला जातात. हे मला लवकर कळलं, एवढीच काय ती माझी हुशारी.

निखिल पोटात होता तो हंगाम. मी एकलहऱ्याच्या कॉलनीत वाढलेली मुलगी. वडील वीज केंद्रात कामाला, क्वार्टर, नळाला पाणी, खिडकीतून दिसणाऱ्या चिमण्या. उडणाऱ्या नव्हे, धुराच्या. द्राक्षं मी कागदी पिशवीतली पाहिलेली. लग्न होऊन ओझरजवळच्या या मळ्यात आले तेव्हा कळलं की द्राक्ष हे फळ नसून घरातलं सगळ्यात लाडावलेलं माणूस आहे. त्याला ताप आला की सगळं घर जागं. आभाळ आलं की सगळ्यांची तोंडं उतरलेली. आणि माल उतरवायचे दिवस आले की घर त्याचं, आम्ही पाहुणे.

आमची खोली हंगामात गोदाम होत असे. खोकी पलंगावर रचलेली, कारण जमिनीवर ठेवली तर पुठ्ठ्याला ओल लागते. मी जमिनीवर, सतरंजीवर. मला ओल लागत नाही असा एकंदर समज होता. बाहेर शेडमध्ये क्रेटच्या तळाला आधी वर्तमानपत्र, त्यावर मऊ फोम, त्यावर घड. घड देठानं धरायचा, मण्यांवरची पांढरी साय बोटानं पुसली जाता कामा नये. सासरे, त्यांना सगळे दादा म्हणायचे, शेडच्या दारात उभे राहून दिवसभर एकच वाक्य म्हणत, 'हळू गं, दुखंल त्याला.' मी खाली बसून, गुडघे पोटाच्या दोन बाजूंना ठेवून, खराब मणी कात्रीनं कातरत असे आणि मनात म्हणत असे, द्राक्षाला गादी आहे. पुढच्या जन्मी निदान थॉमसनचा घड हो गं बाई.

ते कंबर दुखणं नेमकं कसं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दात दुखला तर गाल सुजतो, पाय मुरगळला तर लंगडता येतं. कंबरेकडे दाखवण्यासारखं काही नसतं. पाठीच्या तळाशी ओलं पोतं बांधून दिल्यासारखं वाटे, आणि ते दिवसभर आणखी भिजत जाई. मध्येच डाव्या कुल्ल्यातून एक कळ मांडीत उतरे, तेव्हा हातातली कात्री तशीच अधांतरी राही. अंथरुणात कुशीवर वळायचं म्हणजे आधी गुडघे, मग कूस, मग पोट, अशी वरात काढावी लागे. उठायचं तर भिंत शोधावी लागे. त्यातून शिंक आली तर विचारू नका. मी शिंक यायच्या आधी देवाचं नाव घेई.

असं नव्हे की कुणी विचारत नव्हतं. शेडमधल्या बायकांना माझ्या कंबरेत फारच रस होता. कंबर दुखते म्हणजे मुलगा, असं एकीचं मत. कंबर दुखते म्हणजे मुलगीच, पाठ दुखली तर मुलगा, असं दुसरीचं. दोघींची जुंपायची. माझ्या कंबरेवर पैजा लागल्या, पण ती दाबून द्यायला कुणी आलं नाही. सगळ्यांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं की अंग हलतं ठेवावं, वाकून फरशी पुसावी, खाली बसून निवडावं, म्हणजे बाई सुखरूप सुटते. दिवसा आडवं व्हायचं ते आजारी माणसानं, आणि गरोदर बाई आजारी नसते. हे इतकं स्वच्छ होतं की त्यावर कुणाला बोलावंही लागत नसे.

आमचे हे तेव्हा पाळीवर जात. विमानाच्या पंखावर किती भार येतो, तो कुठल्या सांध्यावर उतरतो, कुठला बोल्ट किती पेलतो, हे ते जेवताना मला रंगवून सांगत. मी म्हटलं, माझी कंबर फार दुखते हो. ते घास थांबवून गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना बामची बाटली घेऊन आले, कोनाड्यात ठेवली आणि सुटलेल्या माणसासारखे झोपी गेले. तो बाम स्वतःच्या कंबरेला लावण्यासाठी सातव्या महिन्यातल्या बाईला माकड असावं लागतं. मी मनगटापर्यंत लावू शकले. त्या हंगामात माझ्या मनगटांना अजिबात त्रास झाला नाही.

आता मानाची गोष्ट. आमच्या घराण्यात रीत आहे. हंगामाच्या तोंडावर घरात कुणी पोटुशी सून असेल, तर पहिला घड तिच्या हातानं उतरवायचा. खोडाला हळदकुंकू, नारळ, अगरबत्ती, आणि मग हिरव्या साडीतल्या सुनेनं कात्री लावायची. पोटाशी फळ असलेल्या बाईच्या हातानं फळ उतरलं की बरकत येते म्हणतात. मला तेव्हा ते फारच आवडलं होतं. कॉलनीतल्या मुलीला असा मान कुठला मिळायला?

मांडवाखाली ज्यांनी काम केलेलं नाही त्यांना सांगते. द्राक्षाचा मांडव बाहेरून छान दिसतो, हिरवं छप्पर, खाली झिरपणारं ऊन, वरून लोंबणारे घड. पण तो बेताच्या उंचीचा असतो. चालताना मान घालून चालायचं, खाली भुसभुशीत वरंबे आणि पाण्याच्या नळ्या, पाय कुठे पडेल सांगता येत नाही. घडापाशी पोचलं की हात वर करायचा, मान मागे टाकायची आणि कंबर आत ओढून पोट पुढे ढकलायचं. म्हणजे ज्या गोष्टीनं प्राण जातो नेमकी तीच करायची, आणि वर हसायचं. मी हसले. घड उतरला. बायकांनी मला ओवाळलं.

त्या दिवशी भाव चांगला निघाला.

माझं नशीब तिथे फुटलं. दादा संध्याकाळी बाजारातून आले ते आत्याबाईंना सांगतच, 'सूनबाईच्या हाताला गुण हाय.' दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मला बोलावणं आलं. नारळ नव्हता, ओवाळणं नव्हतं, नुसता घड. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. माणसं बागेत उभी, क्रेट मांडलेले, पण कुणी कात्री लावायचं नाही. मी डुलत डुलत वरंबे तुडवत पोचायची, एक घड कापायची, मग काम सुरू. आणि आलीच आहेस तर दोन क्रेट निवडून जा, हे ओघानं आलंच. कुणी मला छळत नव्हतं, हे लिहायलाच हवं. छळ असता तर भांडता आलं असतं, निदान माहेरी सांगता आलं असतं. कौतुकाशी कसं भांडतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायला बाबा आले ते याच दिवसांत. पांढरा शर्ट, आईनं दिलेला लाडवांचा डबा, एकलहऱ्याहून बस बदलत आलेले. मी त्यांना पाहिलं आणि माझी पिशवी मनातल्या मनात भरूनही टाकली. आमच्या क्वार्टरमधली लोखंडी खाट, त्यावरची कापसाची गादी, आणि दुपारी दार लोटून आडवं होणं. मी त्या गादीचं स्वप्न अशा तपशिलानं पाहत होते की लोक देवाचंही पाहत नसतील.

दादांनी बाबांना बागेत फिरवून आणलं, चहा पाजला आणि म्हणाले, 'न्या की, तुमचीच पोर हाय. फक्त बाग उतरू द्या. तिच्या हाताला लय गुण हाय, काय सांगू तुम्हाला.'

बाबा हरखले. लेकीच्या हाताला गुण आहे हे कुठल्या बापाला आवडणार नाही? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होते, अगदी सहज उभी असल्यासारखी. त्यांना एवढंच दिसलं की लेक सुखात आहे, सासऱ्याच्या तोंडी तिचं कौतुक आहे. ते म्हणाले, मग काय, बाग उतरली की येतो. निघताना दादांनी निवडक मालाचा एक भरलेला क्रेट त्यांच्या खांद्यावर दिला. वळणापर्यंत मी त्यांची पाठ पाहत होते. त्यांची पाठ सरळ होती.

न्यायला आले होते मला, नेली द्राक्षं. आईनं ती क्वार्टरच्या अख्ख्या लाइनीत वाटली. फार गोड होती म्हणे.

तर हौद. घरामागे धुण्याचा सिमेंटचा हौद होता, अजून आहे. त्याची एक भिंत मावळतीकडे. दुपार कलली की त्या भिंतीवर सरळ ऊन येई आणि ती अशी काही तापे की हात ठेवला तर बरं वाटावं, भाजू नये. हे मला कळलं ते योगायोगानं. धुणं घेऊन गेले होते, कळ आली, टेकले. आणि काय सांगू. ती ऊब आधी साडीतून आली, मग कातडीतून, मग त्या ओल्या पोत्यापर्यंत पोचली. भिंतीची कड नेमकी माझ्या कंबरेच्या उंचीला होती, थोडी गोलसर झालेली. मी जरा सरकले तर ती कड बरोब्बर त्या जागी दाबत असे, एखाद्या जाणत्या बाईच्या अंगठ्यासारखी. त्या हंगामात मला कुणी मायेनं धरलं असेल तर त्या हौदानं.

पण नुसतं टेकून कसं उभं राहणार? बागेतून येणारा-जाणारा पाहणार. पण त्याच दिवसांत आत्याबाईंना धुण्याचं वेड लागलं. सकाळचं धुणं झालेलं असे, तरी दुपारी त्या माझ्यापुढे बादली आणून ठेवत. चादरी, पोत्यांचे तुकडे, शेडमधली फडकी, कधी तर स्वच्छ घडी घातलेली लुगडी. 'हे तेवढं खंगाळून टाक.' एवढंच. मी मनात शिव्या देत बादली उचलायची आणि हौदावर जायची, एक फडकं बुडवायची, आणि ते हातात धरून भिंतीला टेकून उभी राहायची. कुणी दिसलं की पिळायची. एकेक फडकं मी इतक्या वेळा पिळलं की त्याचे धागे निघाले. गोष्टीत मी इथे आत्याबाईंची नक्कल करते. 'हे तेवढं खंगाळून टाक' असं त्यांच्या सुरात म्हणते, आणि सगळ्यात मोठा हशा इथे येतो.

बाग उतरली, मग बाबा आले, मग मी गेले, मग निखिल झाला. नीट झाला. त्याचं श्रेय माझ्या फरशी पुसण्याला मिळालं.

परवा पुन्हा खोक्यांची गाडी आली तेव्हा पलंगावर सायली होती. निखिलची बायको, माझी सून, सातवा सरलेला. पुण्याला त्यांच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून बरेच दिवस बंद असते, कंबर धरलेली, आणि डॉक्टरीणबाईंनी फार वेळ उभं राहायचं नाही, वाकायचं नाही, कुशीवर निजायचं, असं बजावलेलं. तिची आई कळवणला शाळेत शिकवते, परीक्षा संपेपर्यंत तिला रजा नाही. म्हणून तोवर इकडे. तिच्याबरोबर तिची उशी आली. मी अशी उशी जन्मात पाहिली नव्हती. माणसापेक्षा लांब, अजगरासारखी, पाठीमागून निघते, पायांमधून जाते आणि पोटाखाली येऊन थांबते. सायली तिच्या विळख्यात पडून लॅपटॉपवर ऑफिसशी बोलते. भर दुपारी. दार उघडं. तिला कुणी काही म्हणत नाही.

मला आनंद झाला. खरंच झाला, गळ्यापर्यंत झाला. त्याच्या वर मात्र काहीतरी अडकलं. तिला पाणी नेऊन देताना मी त्या उशीला हळूच बोटानं दाबून पाहिलं आणि माझ्या तोंडाशी 'आमच्या वेळी' हे दोन शब्द आले. मी ते गिळले. कडू होते.

संध्याकाळी दीर आले. सुदामभाऊजी, आता बाग तेच पाहतात. दादा गेले त्याला बरीच वर्षं झाली. भाऊजी फार चांगले आहेत. सायलीसाठी रोज वेचून घड आणतात. यंदा बाजार मंद आहे, त्यांची झोप उडालेली. ते पडवीत बसले आणि म्हणाले, 'वहिनी, यंदा योग बघा कसा आला. उद्या पहिला घड सूनबाईच्या हातानं.'

मी म्हटलं, तिला वाकायला नको सांगितलंय. तर म्हणाले, वाकायचं कुठंय, वरच तर बघायचंय.

आतून सायलीच म्हणाली, 'काका, खरंच? मला तर कधीचं करायचंय ते.' तिनं हिरवी साडी पुण्याहून आणलीच होती. मी पुन्हा म्हटलं, अगं मांडवाखाली त्रास होईल. तेव्हा शेजारी बसलेली माझी जाऊ, भाऊजींची बायको, लसूण सोलता सोलता शांतपणे म्हणाली, 'असू द्या ताई. तुमचं झालं ना कौतुक, आता तिचं होऊ द्या.'

गळ्याशी अडकलेलं ते काहीतरी मला माहीत होतं, त्यामुळे मी लसणाची सालं गोळा करून उठले.

सकाळी सायली गेली. फार सुरेख दिसली. खाली वरंबे, वर हिरवं छप्पर, एक हात घडाला, दुसरा कंबरेवर. निखिलला फोटो गेला, त्यानं तो सगळ्यांना पाठवला. सगळे म्हणाले, काय झोकात हात ठेवलाय कंबरेवर. मी तो हात पाहिला. त्या हाताची बोटं कंबरेत रुतलेली होती.

परत आली ती पलंगावर बसलीच नाही, बसता येईना. उशीनंही भागेना. मी गरम पाण्याची पिशवी केली, बाम चोळला. आता निदान चोळणारं कुणीतरी होतं. आत्याबाईंची खाट त्याच खोलीत, खिडकीखाली. नव्वदी जवळ आली, हल्ली उठवत नाही. आयुष्यभर दिवसा आडवं न झालेली बाई आता रात्रंदिवस आडवी आहे. सायलीला जरा बरं वाटावं म्हणून मी हौदाची गोष्ट काढली. चाल दाखवली, फडकं पिळून दाखवलं, 'हे तेवढं खंगाळून टाक' म्हटलं. सायली कण्हत हसली आणि म्हणाली, 'आई, किती गोड आहे हे.'

आत्याबाई हसल्या नाहीत. छताकडे पाहत म्हणाल्या, 'धुणं मीच काढून द्यायचे.'

मी म्हटलं, हो, तेच तर सांगतेय, धुतलेलंच परत धुवायला द्यायच्या.

'मंग काय करू? नुसती उभी राह्यली असती तर चारजणी बोलल्या असत्या. हातात धुणं असलं का कोणी बोलत नाय. त्या हौदाची कड कोणी गोल केली? सुदामच्या टायमाला मी तिथंच टेकायचे.'

सायलीच्या फोनवर फोटोला कुणाकुणाचे अंगठे येत होते, त्याचा टिंग टिंग आवाज तेवढा.

लोकांना वाटेल, मला भरून आलं असेल. आलं, पण नंतर. आधी राग आला. इतकी वर्षं मी धरून चालले होते की आत्याबाईंना कळलंच नव्हतं. न कळणाऱ्याला माफ करता येतं, ते मी केव्हाच केलं होतं. पण त्यांना सगळं कळत होतं. कंबर कुठे दुखते, किती दुखते, कुठल्या भिंतीला टेकलं की थांबते, सगळं. बाबा आले होते त्या दिवशीही कळत होतं. खिडकीतून त्या मला पाहत होत्या, आणि एवढ्या मायेतून त्यांना काय सुचलं, तर बादलीभर धुणं. एक वाक्य नाही सुचलं. किंवा सुचलं असेल, पण ते कुणाला म्हणायचं, आणि म्हटलं तर काय होईल, हे त्यांना त्यांच्या सासूनं दाखवलं नसेल. माझ्या विनोदाला त्या डोळ्यांतून पाणी काढून हसायच्या. मी आमच्या दोघींचीच नक्कल करत होते, हे मला माहीत नव्हतं, त्यांना होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आले ते हसतच. कालचा माल हातोहात गेला होता, व्यापाऱ्यानं आजही गाडी लावली होती. चपला न काढता पडवीतूनच म्हणाले, 'सूनबाईच्या हाताला गुण हाय वहिनी. चला, आज पण एक घड.'

तेच वाक्य, तोच सूर. दादाच आल्यासारखे वाटले. आत सायली उठायला लागली. तिनं आधी पलंगाची कड धरली, खालचा ओठ दातांत घेतला, उभी राहिली, आणि दाराशी येईपर्यंत चेहऱ्यावर हसू आणलं. ते हसू मी ओळखते. ते मी याच पडवीत वापरून वापरून झिजवलंय.

मी म्हटलं, 'भाऊजी, तिची कंबर दुखतेय. ती येणार नाही.'

ते म्हणाले, एकच तर घड. मी म्हटलं, आज नाही आणि उद्याही नाही. ते म्हणाले, अहो हाताला गुण आहे तिच्या.

'त्या हाताला कंबर जोडलेली आहे भाऊजी. तुम्ही कापा.'

भाऊजींचा चेहरा पडला, मला वाईट वाटलं, ते वाईट माणूस नाहीत. मग ते गेले. दुपारपर्यंत शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक झालं की सासूला सुनेचं कौतुक बघवलं नाही. माझ्या जावेनं ते अगदी हळू आवाजात सांगितलं असणार, ती नेहमी हळूच बोलते. सायलीनंही माझे आभार वगैरे मानले नाहीत. ती म्हणाली, 'आई, मी गेले असते हो. काकांना काय वाटलं असेल?' आणि उशीच्या विळख्यात शिरून भिंतीकडे तोंड करून झोपली. झोपली मात्र खरी. घोरली सुद्धा.

आणि संध्याकाळी भाव पडला. बाजारात चहूकडून माल आला होता, पडणारच होता. पण आमच्या मळ्यात तो माझ्यामुळे पडला, आणि तो माझ्याच नावावर राहणार. पुढच्या लग्नात मेंदीला हीच गोष्ट दुसरी कुणीतरी सांगेल, आणि तीत माझी नक्कल असेल.

आत्याबाईंना औषध द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, 'बोललीस?'

'बोलले.'

'मंग? काय झालं?'

'काही नाही झालं.'

'काहीच नाय?'

'भाव पडला.'

त्या कूस बदलायला लागल्या, आधी गुडघे, मग कूस, आणि भिंतीकडे वळून म्हणाल्या, 'तो तर पडतच असतो.'

मी घरामागे गेले. ऊन उतरत होतं, पण हौदाची भिंत अजून ऊन होती. मी टेकले. माझी उंची थोडी कमी झाली असावी, ती कड आता जरा वर लागते. बागेतून परतणाऱ्या बायका डोक्यावर रिकामे क्रेट घेऊन समोरून गेल्या, थबकल्या, माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात काही नव्हतं. फडकं नव्हतं, बादली नव्हती. मी तशीच उभी राहिले, त्या दिसेनाशा होईपर्यंत.